लोखंडी मांडव, बंगई अन् फाटकाचा गंज: आधी बुड पाहा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अंगणात मधुमालतीसाठी लोखंडी मांडव, त्याच्याच बाजूला बंगईची (झोपाळ्याची) फ्रेम अन् समोरचं फाटक, सगळं चार वर्षांपूर्वी गावातच वेल्डिंग करून घेतलेलं, दरवर्षी दिवाळीला वरून ऑइलपेंट मारता तरी पोळा येईस्तोवर पापुद्रे सुटतात अन् आता एका खांबाच्या बुडाशी बोट जाईल एवढं भोक पडलं. कोणता पेंट मारू अन् सगळं काढून जीआयचंच (जस्त चढवलेल्या लोखंडाचंच) करू का, हे तुम्ही विचारलं.

मी २३ वर्षं झाली हेच काम करतो, तालुक्याच्या गावी दुकान आहे, फाटकं, ग्रिला, गोठ्याचे शेड, शेडनेटचे सांगाडे, जे येईल ते. पेंटचं उत्तर मी जरा उशिरा देतो कारण तुमचा खांब पेंटमुळे गेलेला नाही, बुडाशी पाणी थांबलं म्हणून गेला. आधी तेच पाहू.

एक पेचकस अन् एक हातोडी घ्या. सगळ्या खांबांच्या बुडाशी जमिनीपासून चार-सहा इंचापर्यंत हातोडीनं हळू ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत आहे, भद्द आवाज आला की तिथं पेचकसाचं टोक दाबून पाहा, आत घुसलं तर तो तुकडा गेला समजा, त्यावर कितीही महागाचा पेंट लावा तो गंजावरच लावला जाईल. तुमच्या एका खांबाला भोक दिसलं म्हणजे बाकीचे तीन चांगले आहेत असं धरून चालू नका, चारही एकाच दिवशी एकाच मातीत गाडलेले आहेत.

आता बुडच काऊन सडतं? आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते अन् ओल धरून बसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात अन् त्या भेगेतून पहिला पाऊस सरळ खांबाशी उतरतो. खोल जमिनीत हवा कमी पोचते म्हणून तिथं गंज हळू चालतो, वरचा खांब ऊन-वाऱ्यानं वाळून जातो, पण जमिनीच्या रेषेवर ओल अन् हवा दोन्ही भरपूर, म्हणून खांब नेमका त्या वीतभर पट्ट्यात कापल्यासारखा जातो. त्यात आपण वेलाला आळं करतो, रोज पाणी घालतो, शेणखत टाकतो, वरून चिमूटभर पोटॅश. पोटॅश म्हणजे बहुतेक वेळा म्युरेट ऑफ पोटॅश, त्यात क्लोराइड असतं अन् क्लोराइड म्हणजे लोखंडाला मिठाचाच मार. अन् हसू नका पण गल्लीतले कुत्रे ज्या खांबावर रोज पाय वर करतात तो खांब खरोखर आधी सडतो, फाटकाच्या खांबाचं तर हमखास हेच होते.

म्हणून दुरुस्ती अशी करा. खांबाला वरून आधार देऊन (मांडवाला दोन बल्ल्या लावल्या की भागते) सडलेला भाग एक-दीड फूट कापून टाका, पाहा की कापलेल्या ठिकाणी पाइपची जाडी चांगली आहे की नाही, नसेल तर अजून वर कापा. खाली दोन-अडीच फूट खड्डा, काळी माती काढून तळाशी मुरूम टाकून धुमसणं, त्यावर गिट्टी-रेती-सिमेंटचा पेडेस्टल, म्हणजे छोटा चौथरा, अन् हा पेडेस्टल जमिनीच्या वर किमान सहा इंच आला पाहिजे. वरचा माथा सपाट नको, चारही बाजूंनी उतार द्या, म्हणजे पाणी खांबापासून पळते. त्यात अँकर बोल्ट सोडा अन् खांबाच्या तळाला ६ मिलिमीटर जाडीची बेस प्लेट मारून ती बोल्टवर बसवा. पुढं कधी काढायचा झाला तर चार नट सोडले की खांब हातात.

खांब काँक्रिटमध्येच गाडायचा असेल तर तेही चालते. काँक्रिटच्या आतलं लोखंड सहसा टिकतं, सिमेंट अल्कली असते ना, ती गंज होऊ देत नाही. मार बसतो तो जिथं खांब काँक्रिटमधून बाहेर येतो तिथं. तिथं चार इंच वर अन् चार इंच आत असा डांबरी काळा पेंट दोन हात मारायचा अन् मगच ओतायचं. आमच्या लाइनमधले निम्मे लोक हे करत नाहीत कारण कुणी मागत नाही.

आता पाइपच्या आतली गोष्ट, ही कुणी सांगत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी मी एकाला बंगईची फ्रेम बनवून दिली होती, दोन इंची चौकोनी पाइपची, वरची तोंडं पत्र्यानं झाकली पण वेल्डिंग चारही बाजूनं पूर्ण केली नाही, चार टाके मारले अन् वरून लांबी (पुट्टी) भरून पेंट मारला. दिसायला एकदम फिनिश. चार पावसाळ्यांनंतर पाय सडला म्हणून परत आली, मी ग्राइंडरनं खालून कापली तर आतून बादलीभर तपकिरी पाणी निघालं, चहासारखं, अन् त्यात गंजाचा गाळ. बाहेरून पेंट चकाचक, आतून पाइप कागदासारखा. फ्रेम फुकटात नवीन करून दिली, चूक माझीच होती. तेव्हापासून नियम एकच, एकतर पाइपचं तोंड पूर्ण वेल्डिंगनं बंद, सुईच्या टोकाएवढी फट नाही, नाहीतर तळाशी ८ मिलिमीटरचं छिद्र ठेवायचं म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर पडते. अर्धवट बंद हा सगळ्यात वाईट प्रकार. तुमच्या फ्रेमच्या वरच्या टोप्या चाकूच्या टोकानं तपासा, लांबी निघाली अन् फट दिसली तर आधी तिथं वेल्डिंग.

असंच पाणी अजून कुठं कुठं थांबतं ते मांडवावर चढून (शिडीवरून हो, मांडवावर नको) एकदा पाहा. अँगल उलटा बसवला असेल, म्हणजे त्याची खाच आभाळाकडे असेल, तर ती नाली झाली, त्यात पानं कुजतात अन् दिवाळीपर्यंत ओल राहते. मधुमालतीचा वाळका कचरा दरवर्षी काढायचाच. जाळीच्या पट्ट्या नुसत्या टाक्यांवर जोडलेल्या असतील तर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत ब्रश जात नाही पण पाणी जाते, अन् तिथून जे लाल ओघळ खाली येतात ते तुम्ही दरवर्षी वरून रंगवता. त्या फटी वेल्डिंगनं भरून घ्या नाहीतर बाहेर चालणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं.

आता पापुद्र्यांचं कारण. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीच्या वर, म्हणून पेंटखाली थोडा जरी गंज जिवंत राहिला तर तो फुगून पेंटला आतून ढकलतो. तुमचे पापुद्रे उलटून पाहा, आतल्या बाजूला तपकिरी भुकटी चिकटलेली असेल तर पेंट गंजावर मारला होता. अन् आतून निळसर-काळी चकचकीत खपली निघाली असेल तर ती मिल स्केल, म्हणजे कारखान्यात तापलेलं लोखंड लाटताना त्यावर बसणारी साल. नवीन अँगल, पट्टीवर ती असतेच, दिसायला इतकी छान गुळगुळीत की वाटते हीच चांगली, पण ती वर्ष-दोन वर्षांत तडकते अन् पेंटसकट सुटते. नवीन मालावर ती ग्राइंडरनं घासून काढायची असते, अन् खरं सांगायचं तर त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही म्हणून आम्ही काढत नाही. वरून आमच्यातले काही जण रेड ऑक्साइडमध्ये (पेंटच्या आधी मारायच्या लाल प्रायमरमध्ये) रॉकेल नाहीतर डिझेल टाकून लाल पाणी करतात अन् तेच फासून माल देतात. ते प्रायमर नव्हे, ते कुंकू.

साफ कसं करायचं? सुटलेलं सगळं आधी पटाशीनं खरवडायचं, मग ४ इंची ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून गंज काढायचा, वेल्डिंगच्या जोडावर स्लॅग (वेल्डिंगवर राहणारी काचेसारखी खपली) अन् छर्रे राहिले असतील तर ते छिन्नीनं उडवायचे कारण स्लॅगवर पेंट धरतच नाही, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर सगळीकडे, जुना घट्ट बसलेला पेंट पूर्ण काढायची गरज नाही पण त्याची चमक मारली पाहिजे अन् त्याची कड हाताला लागली नाही पाहिजे. शेवटी थिनरचा फडका. रॉकेलनं पुसू नका, रॉकेलचा तेलकट थर मागं राहतो. डोळ्याला चष्मा अन् तोंडाला मास्क लावा, ब्रशच्या तारा तुटून उडतात, माझ्या गालात एकदा घुसली आहे. फाटक फारच जुनं असेल, आजोबांच्या काळातलं, तर कोरडं घासताना जास्त जपा अन् लेकरांना दूर ठेवा, कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, घरगुती पेंटमध्ये ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरोसा नाही.

टॉयलेट क्लीनर टाकून गंज काढायचा जुगाड गावोगावी चालतो. अर्ध्या तासात लोखंड पांढरं पडते हे खरं, पण ते मिठाचं ॲसिड आहे, त्यातलं क्लोराइड बारीक खड्ड्यांत बसून राहते अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा गंज परत हजर. ॲसिडच वापरायचं तर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर हार्डवेअरवाल्याकडे मिळते ते आणा, ते गंजाचं आयर्न फॉस्फेट करते. दुसरा प्रकार टॅनिनवाला, तो गंजाला निळा-काळा करतो. हिरड्याचं पाणी लोखंडाच्या भांड्यात ठेवलं की शाईसारखं काळं पडते हे आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना माहीत असते, तीच केमिस्ट्री. पण लक्षात ठेवा, कन्व्हर्टर पातळ घट्ट गंजासाठी आहे, जाड खपल्यांवर ओतून काही होत नाही अन् चकचकीत साफ लोखंडावर त्याला कामच नसते.

अकोला, दर्यापूर, तेल्हारा या खारपाणपट्ट्यातले लोक वाचत असतील तर त्यांना एक जादा सांगणं. तुमचं बोअरचं पाणी खारं आहे, वेलाला मारलेलं पाणी खांबावर उडून वाळलं की मीठ तिथंच राहते. म्हणून घासल्यानंतर एकदा गोड्या पाण्यानं, पावसाचं साठवलेलं असेल तर फारच छान, सगळं धुवा, उन्हात पूर्ण वाळवा अन् मग परत हलका पेपर मारून त्याच दिवशी प्रायमर. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर आहे म्हणून खारी हवा लागत नाही हे नशीब, पण या पट्ट्यात मीठ जमिनीतून वर येते.

संत्र्याच्या पट्ट्यात, काटोल-वरूड-मोर्शीकडे, वेगळीच भानगड, बोर्डो, म्हणजे झाडांवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण. मोरचुदात तांबं असते, लोखंडावर ते बसलं की लोखंड विरघळते अन् तांबं चिकटते. बागाईतदारांना हे वेगळं सांगायला नको, बोर्डो नीट जमला की नाही पाहायला ते त्यात विळा बुडवूनच पाहतात, पात्यावर लाल तांबूस थर आला की चुना कमी पडला. तोच कच्चा बोर्डो तुमच्या मांडवावर उडाला तर तिथंही तेच होते. फवारणी झाली की खांबांवर साधं पाणी मारून घ्यायचं.

आता पेंट. साफ झालेल्या लोखंडावर प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे, चार तासांच्या आत लागला तर फारच चांगलं, रात्रभर उघडं ठेवलं की दवानं परत गंजाचा पदर येते. साध्या रेड ऑक्साइडपेक्षा झिंक फॉस्फेट प्रायमर मागा, अन् बुडाचा दोन फूट भाग तरी इपॉक्सी झिंक फॉस्फेटनं करा, तो दोन डब्यांचा येतो, मिसळल्यावर ठराविक तासांत संपवावा लागते. एक सावधगिरी, जुन्या ऑइलपेंटवर दोन डब्यांचा पेंट मारला तर त्याच्या थिनरनं खालचा पेंट उकलतो, सुरकुत्या पडतात, म्हणून इपॉक्सी फक्त लख्ख साफ केलेल्या लोखंडावर. अन् इपॉक्सी उन्हात भुकटी सोडते, त्यावर पीयूचा नाहीतर चांगल्या इनॅमलचा हात पाहिजेच.

साधं इनॅमल वापरा, काही वाईट नाही, पण दोन हात प्रायमर अन् दोन हात पेंट. एका हाताचा थर वाळल्यावर २५-३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बसतो, म्हणजे चार हातांत कुठं १०० च्या आसपास जाते, एकाच जाड हातानं हे होत नाही, जाड हात वरून सुकतो अन् आतून कच्चा राहतो. अन् कडा! पेंट ओला असताना कडेवरून मागं सरकतो, म्हणून गंज नेहमी अँगलच्या कडेवर, पट्टीच्या काठावर, वेल्डिंगच्या जोडावर आधी फुटतो. पेंटर आला की त्याला सांगा, आधी लहान ब्रशनं नुसत्या कडा अन् जोड मार, ते वाळलं की मग सगळीकडे मार. पेंटर कुरकुर करते, करू द्या.

दिवाळीला पेंट मारता म्हणालात, तिथंच अर्धा घोळ आहे. धनतेरसच्या आदल्या दिवशी पेंटर मिळतो, तो सकाळी घासतो, दुपारी प्रायमर, संध्याकाळी पेंट, लक्ष्मीपूजनाला फाटक चमकते. दोन हातांत एक रात्र तरी जाऊ द्या. माझं ऐकाल तर दिवाळी होऊन जाऊ द्या, नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत कधीही करा, फटींमधली ओल तोवर मेलेली असते. सकाळी दव वाळल्यावर, दहानंतर सुरू करायचं अन् चार वाजता थांबायचं. मे महिन्यात दुपारी मात्र चुकूनही नाही, ४५-४६ डिग्रीत पाइपला हात लावता येत नाही, त्यावर पेंट पसरायच्या आत सुकतो अन् फोड येतात. मांडवाला काळा रंगही नको, दिसते छान पण आपल्या उन्हात काळा पाइप इतका तापतो की वेलाचे कोवळे शेंडे टेकले तिथं करपतात, हलका हिरवा नाहीतर सिल्व्हर मारा.

जीआयचं विचारलं. फाटक अन् बंगई बदलायची गरज मला वाटत नाही, त्यांचं बुड अन् जोड दुरुस्त करा. मांडव मात्र चारही खांबांनी गेला असेल तर नवा जीआयचा करा, वेल चढलेला मांडव दरवर्षी रंगवता येतच नाही. पण दुकानात जीआय म्हणून जीपी पाइप देतात, त्यात फरक आहे. खरं जीआय म्हणजे तयार पाइप ४५० डिग्रीच्या आसपासच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेला, जस्ताचा थर चांगला जाड, आतून-बाहेरून. जीपी म्हणजे आधीच जस्त चढवलेल्या पातळ पत्र्याचा वळवून केलेला पाइप, त्यात १२० ग्रॅमचा माल असेल तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन, अन् लांबीच्या शिवणीवरचं जस्त जळलेलं असते म्हणून गंजाची पहिली रेघ तिथंच उठते. गोल जीआय पाइपवर रंगाचा पट्टा पाहा, पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जाड. मांडवाला निळा घ्या.

अन् जीआयवर वेल्डिंग करताना जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढायला लावा. नवीन होतो तेव्हा मी एका गोठ्याचं पूर्ण काम बंद शेडमध्ये न घासता केलं, पांढरा धूर दिवसभर नाकात गेला, रात्री अशी थंडी भरली की दोन रजया कमी पडल्या, मलेरियाच वाटला, एक-दीड दिवसात आपोआप उतरला. तो जस्ताच्या धुराचा ताप. जुने वेल्डर म्हणतात दूध प्या, गूळ खा, मी दोन्ही केलं होतं, धूर तो धूरच, उघड्यावर अन् वाऱ्याच्या बाजूनं काम करणं हाच इलाज. जोडावर जस्त जळून गेलेलं असते, तिथं झिंक-रिच (जस्ताची भुकटी असलेला) पेंट दोन हात मारायचा. जीआयवर ऑइलपेंट थेट मारू नका, जस्त अन् पेंटमधलं तेल मिळून मध्ये साबणासारखा थर होते अन् पेंट सालीसारखा निघते, आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा प्रायमर, लागते.

जळक्या ऑइलचं कुणीतरी सांगेलच तुम्हाला. वखराच्या पासेला नाहीतर नांगराला उन्हाळाभर फासून ठेवायला ठीक, अंगणातल्या मांडवाला नको, पावसानं ते वेलाच्या मुळाशी जाते अन् लेकरांच्या कपड्यांना लागते. त्यापेक्षा जवसाचं उकळलेलं तेल बरं. ज्या घडीव कड्या-कोयंड्यांना काळा लोखंडी रंगच ठेवायचा असेल त्यांना फडक्यानं पातळ पुसायचं, दोन-तीन दिवसांनी परत एकदा. ते वाळून कडक होते, वर्षातून एकदा पुसलं की झालं. खायचं जवस तेल नको, ते कितीतरी दिवस चिपचिपच राहते. अन् तेलाचा फडका चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचा फडका आपोआप तापून पेट घेतो, पाण्यात बुडवा नाहीतर पसरून वाळवा. पारशिवनीजवळच्या नैकुंडला अडीच हजार वर्षांहून जुनी लोखंड गाळायची भट्टी उत्खननात निघाली, त्या काळात त्यांनी काय फासलं असेल देव जाणे, पण हे दोन-तीन उपाय तरी नव्या डब्यांतून आलेले नाहीत.

बंगईचं एक राहिलंच. साखळीची कडी जिथं वरच्या हुकात घासते तिथं कोणताही पेंट टिकत नाही, तिथं ग्रीस लावा, फाटकाच्या बिजागरीलाही तेच. गंजापेक्षा तिथं झीज जास्त धोक्याची. हूक १२ मिलिमीटर सळईचा असेल अन् घासलेल्या जागी तो ९-१० वर आला असेल तर पोरं बसायच्या आत बदला. जुना हूक फेकू नका, सोबत घेऊन जा, त्याच वाकाचा नवा कोणताही वेल्डिंगवाला दहा मिनिटांत करून देते.